१२ व्होल्टच्या बॅटरीवर रास्पबेरी पाय चालवायचा तर

रास्पबेरी पाय म्हणजे ५ व्होल्टवर चालणारा छोटा संगणक, पुढे नुसता ‘पाय’. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ७८०५ रेग्युलेटर विसरा. १२ चे ५ व्होल्ट करताना मधल्या ७ व्होल्टची तो नुसती उष्णता करतो, म्हणजे १ अँपिअरलाच ७ वॅट. ‘पाय ४’ या मॉडेलला तर ३ अँपिअरची सोय लागते. ‘मोठा हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) लावा, चालतं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. उष्णतेत फारशी वीज न घालवता व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टरच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतो. त्यातलं एलएम२५९६ मोड्यूल ३ अँपिअरचं म्हणून विकतात, पण हीटसिंकशिवाय मी त्याच्याकडून २ च्या वर मागत नाही. ‘पाय झीरो’ या लहान मॉडेलला ते पुरतं. पाय ४ साठी ५ अँपिअरचं एक्सएल४०१५ घ्या.

बॅटरीच्या प्लस टोकाजवळ ३ अँपिअरचा फ्यूज टाका आणि मोड्यूलच्या इनपुटला वायरी जोडा. पाय अजून बाजूलाच राहू दे.

आता व्होल्टेज लावायचं. मलाही याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं आणि बहुतेकांचे पाय इथेच जळतात. नवं मोड्यूल किती व्होल्ट देईल याचा नेम नसतो. जवळजवळ पूर्ण १२ सुद्धा देतं. आउटपुटला मल्टिमीटर लावा आणि निळ्या ठोकळ्यावरचा पितळी स्क्रू डावीकडे फिरवा. दहा-बारा फेरे झाले तरी मीटरचा आकडा हलत नाही. मोड्यूल खराब नाही, फिरवत राहा. हा स्क्रू बऱ्याच फेऱ्यांचा असतो आणि शेवटच्या काही फेऱ्यांत आकडा भराभर उतरतो. स्क्रू दोन असतील तर एक करंटचा असतो; त्याची मर्यादा कमी राहिली तर लोड येताच व्होल्टेज कोसळतं.

५.१ ला थांबा. पण मोकळ्या आउटपुटवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, लोड देऊनच मोजा. २.२ ओहम, २० वॅटचा सिमेंट रेझिस्टर लावला की साधारण २.३ अँपिअर वाहतात. तो चांगलाच तापतो, हात लावू नका. आणि मोजायचं ते मोड्यूलवर नाही, पायकडे जाणाऱ्या वायरीच्या शेवटच्या टोकाला. २४ गेजच्या बारीक वायरीची मीटरभर जोडी ३ अँपिअरला अर्धा व्होल्ट गिळते. मोड्यूलवर ५.१ आणि पायला जेमतेम ४.६! ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनवर विजेचं चिन्ह येतं, वेग उतरतो, मेमरी कार्डावर लिहिणं अर्ध्यात तुटण्याची भीती राहते. उपाय म्हणून स्क्रू पिळून ५.६ करा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो घातक आहे. पायवरचा लोड उतरला की ते ५.६ थेट बोर्डावर येतात, ५.२५ ही वरची हद्द. वायर जाड, १८ गेजची घ्या आणि वीतभरच ठेवा. आकडा जमला की स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, गाडीच्या हादऱ्याने तो फिरत नाही.

मग पाय जोडा. शक्यतो यूएसबी-सीमधूनच. बोर्डावरच्या जीपीआयओ पिनांच्या रांगेत ४ नंबरला प्लस आणि ६ नंबरला मायनस देऊनही चालतो, पण तिथे उलट जोडणीपासून काहीच संरक्षण नाही.

स्विच मोड्यूलच्या बॅटरीकडच्या बाजूला लावा. पाय बंद असला तरी मोड्यूल स्वतः थोडा करंट खात राहतं आणि आठवडे गेले की छोटी बॅटरी उतरते.