पझल गेमचं कव्हर करताना कोडं अर्धवट सोडा

पझल गेम बनवणाऱ्यांची एक अडचण असते जी बाकीच्यांना नसते. मारामारीच्या गेमकडे तलवार असते, रेसिंगवाल्यांकडे गाडी असते, आपल्याकडे बहुतेक वेळा नुसते चौकोन असतात. मग कव्हर, म्हणजे स्टोअरवर दिसणारं गेमचं चित्र, बनवताना आपण काय करतो तर सगळ्यात भारी लेव्हलचा स्क्रीनशॉट घेतो, त्यावर जाड अक्षरात नाव टाकतो आणि अपलोड करून मोकळे होतो. मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं.

माझा गेम आहे "दारं", म्हणजे पाटातून वाफ्यात पाणी जायची वाट. रात्रीची लाइट आलीये, शेतात पाणी सोडलंय, तुम्ही खोरं घेऊन एकेक दारं मोडायचं आणि बांधायचं आणि पाणी सगळ्या वाफ्यांपर्यंत पोचवायचं, एकही वाफा कोरडा राहता कामा नये आणि एकही फुटता कामा नये. पहिल्या कव्हरवर वरून दिसणारं अख्खं शेत होतं, आठ बाय आठ वाफे, सगळे हिरवे, सगळीकडे पाणी. आईला फोनवर दाखवलं तर तिने विचारलं, "चादरीचं डिझाइन आहे का रे?" जिने लहानपणापासून दारं धरलंय तिलाच ते ओळखू आलं नाही म्हटल्यावर ते कव्हर कोणासाठीच चालणार नव्हतं, मी त्याच दिवशी ते काढून टाकलं.

नंतर खूप विचार केल्यावर कळलं की चूक चित्रात नव्हती, क्षण चुकला होता. मी सुटलेलं कोडं दाखवत होतो. सुटलेल्या कोड्याकडे बघून कोणाचा हात शिवशिवत नाही. अर्धवट कोडं बघितलं की डोकं आपोआप चालायला लागतं, शेजारी कोणी शब्दकोडं भरत बसलं असेल तर आपण नकळत डोकावतोच ना, तसंच.

म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी कागदावर एकच शब्द लिहा, तुमच्या गेमचं क्रियापद. ढकलणे, फिरवणे, जोडणे, कापणे, वळवणे, जे असेल ते. दोन-तीन सुचत असतील तर खेळणारा सगळ्यात जास्त वेळा जे करतो ते धरा. मग ते क्रियापद अर्ध्यावर थांबवा. माझं क्रियापद "वळवणे". नवीन कव्हरवर फक्त एक पाट आहे, पुढे त्याला दोन फाटे फुटतात, एका बाजूला हिरवं रोप, दुसऱ्या बाजूला मान टाकलेलं रोप, आणि मध्ये मातीत अर्धं रुतलेलं खोरं, पाणी त्या खोऱ्यापाशी येऊन थटलंय. बास. चौसष्ट वाफ्यांपैकी दोनच राहिले, पण गेममध्ये काय करायचंय ते आता दिसतं.

"बाबा इज यू" (२०१९) ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल, त्यात नियमच शब्दांचे ठोकळे असतात आणि ते ढकलून तुम्ही नियम बदलता, आणि गेमचं नाव हाच त्यातला एक नियम आहे. म्हणजे नाव वाचलं की गेमची युक्तीच समोर येते. एवढं चपखल नाव सगळ्यांना मिळणार नाही, पण चित्र, नाव आणि खेळ तिन्ही एकच गोष्ट सांगतायत का हे स्वतःला विचारायला काय हरकत आहे.

आता आकार. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आपण मोठ्या स्क्रीनवर झूम करून चित्र काढतो आणि लोक ते नखाएवढं बघतात. स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरवर कव्हरच्या चित्रांना कॅप्सूल म्हणतात, त्यातली स्मॉल कॅप्सूल ४६२ बाय १७४ पिक्सेलची द्यायची असते, पण त्यातूनच ते १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५ अशा आणखी लहान इमेज बनवतात. पंचेचाळीस पिक्सेल उंची म्हणजे काय ते एकदा स्क्रीनवर करून बघा. म्हणून मी उलटं करतो, आधी १२० बाय ४५ ची फाइल उघडतो आणि त्यात नुसते काळे-पांढरे ठोकळे मांडतो, त्यात काही कळलं तरच पुढे जातो. स्मॉल कॅप्सूलमध्ये चित्राचा मोह सोडा, तिथे नावानेच जवळपास सगळी जागा भरली पाहिजे.

देवनागरी नाव असेल तर अजून एक काम वाढतं. माझ्या बाबतीत १२० बाय ४५ मध्ये अनुस्वारच गायब झाला आणि "दारं"चं "दार" झालं! अख्खा अर्थ बदलला. शेवटी अनुस्वार फॉन्टमधला न घेता वेगळा काढला, पाण्याच्या थेंबासारखा, अक्षराच्या मानाने मुद्दाम मोठा आणि वेगळ्या रंगाचा. रफार, वेलांट्या, उकार यांचं पण हेच, वर-खाली जागा सोडली नाही तर छाटले जातात आणि इंग्रजी अक्षरांच्या हिशोबाने बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये ती जागा कधीच नसते. फॉन्ट जाड घ्या पण अक्षराच्या पोटातली पोकळी बुजणार नाही इतपतच. "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे "बलू" आणि "मोदक" गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, "मोदक" फारच गुबगुबीत आहे, तो मोठ्या आकारात छान दिसतो पण लहान केला की अक्षरं एकमेकांत मिसळतात, "बलू" जास्त टिकतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत वेलांटी भलतीकडे जात असेल, जोडाक्षरं तुटत असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. मी तर नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्याचा पाथ, म्हणजे अक्षरांचा नुसता आकार, करून घेतो, मग कुठेही न्या, तुटत नाही. आणि देवनागरी न वाचणाऱ्यांसाठी इंग्रजी अक्षरातलं नाव असलेली दुसरी फाइल करून ठेवा, दोन्ही नावं एकाच कव्हरवर कोंबली तर दोन्ही बारीक होतात.

रंगांचं थोडक्यात सांगतो. चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, मुख्य वस्तू मागच्या भागातून सुटी दिसली पाहिजे, दिसत नसेल तर कितीही रंग ओता उपयोग नाही. शिवाय लाल-हिरवा फरक न कळणारी माणसं बरीच असतात, त्यामुळे फक्त त्या फरकावर अर्थ अवलंबून ठेवू नका, माझं वाळलेलं रोप म्हणूनच मान टाकून उभं आहे. आणि कव्हर कुठल्या भिंतीवर टांगलं जाणार ते बघा. स्टीमचं पान गडद निळं असतं, माझं रात्रीचं दृश्य त्यात बुडून गेलं, कडाच कळेना. मग बॅटरीचा पिवळा झोत कोपऱ्यातून पार दुसऱ्या कडेपर्यंत नेला, तेव्हा कुठे चौकट दिसायला लागली.

फाइल पहिल्यापासून थरांमध्ये (लेयर्समध्ये) ठेवा. मागचं दृश्य, मुख्य वस्तू आणि नाव, तिन्ही वेगळं. कारण आकार कुठेच जुळत नाहीत. इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम स्टोअरला ६३० बाय ५००. स्टीमला हेडर ९२० बाय ४३०, मेन कॅप्सूल १२३२ बाय ७०६, उभी कॅप्सूल ७४८ बाय ८९६, वर लायब्ररीसाठी ६०० बाय ९०० वेगळी. गूगल प्लेला आयकॉन ५१२ बाय ५१२ आणि फीचर ग्राफिक १०२४ बाय ५००. आडवं चित्र कापून उभं होत नाही, परत मांडावंच लागतं, उभ्यात मी पाट वरून खाली आणला आणि खोरं मधोमध ठेवलं. प्लेवरच्या आयकॉनचे कोपरे गोल कापले जातात, तिथे काही महत्त्वाचं ठेवू नका आणि आयकॉनवर नाव पण लिहू नका, एक वस्तू पुरे. मी खोरं आणि थेंब एवढंच ठेवलंय.

स्टीमने सप्टेंबर २०२२ पासून नियम कडक केलेत, कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच चालतं, अवॉर्डचे शिक्के, रिव्ह्यूचे आकडे, "५०% सूट" वगैरे काही नाही. मला हा नियम मनापासून पटतो, शिक्क्यांनी जागा खाल्ली की कोड्याला जागाच उरत नाही. एआयने चित्र बनवलं असेल तर स्टीमच्या फॉर्ममध्ये तसं सांगावं लागतं. पैसे देऊन आर्टिस्टकडून करून घेणार असाल तर "काहीतरी भारी कर" असं सांगू नका, क्रियापद सांगा, अर्धवट क्षण सांगा, आकारांची यादी द्या आणि थरांची फाइल मिळणार हे आधीच ठरवून घ्या, नंतर मागितली तर त्याचंही काम वाढतं आणि तुमचंही.

तपासणी सोपी आहे पण नीट करा. स्टोअरच्या पझल विभागाचा स्क्रीनशॉट घ्या, एका कव्हरवर तुमचं चिकटवा, फोनवर टाका आणि गेम न खेळलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवून फोन पालथा ठेवा. "कसं वाटलं" असं विचारू नका, आपली माणसं छानच म्हणतात. "यात काय करायचं असेल?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा, समजावून सांगायचा मोह होतो पण स्टोअरवर तुम्ही समजवायला नसता. पाच जणांपैकी तिघांनी क्रियापद सांगितलं तर मी ते कव्हर ठेवतो. गूगल प्लेवर असाल तर प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपर जिथून गेम अपलोड करतो तिथे, स्टोअर लिस्टिंग एक्सपेरिमेंट्स आहेत, दोन आयकॉन खऱ्या लोकांवर लावून बघता येतात, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदला नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

दुसरं कव्हर आईला दाखवलं तेव्हा मी काही बोललो नाही. तिने फोन जरा लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "अरे, डावीकडचं मोड की, ते बिचारं वाळतंय."