काळे पॅनेल कुठे लावायचे आणि कशासाठी

जाहिरातींसाठी वस्तूंची छायाचित्रे काढणाऱ्या स्टुडिओत सहायक म्हणून नव्याने येणारी मुले-मुली बहुधा दिव्यांची माहिती पक्की करून आलेली असतात. सॉफ्टबॉक्स, स्नूट, हनीकोंब ही दिव्याला लावायच्या साधनांची नावे त्यांना ठाऊक असतात. कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या काळ्या फोमबोर्डांकडे, म्हणजे काळ्या पॅनेलांकडे मात्र त्यांचे लक्ष उशिराच जाते. मुंबईत या कामाला लागल्यापासून जे चांगले छायाचित्रकार मी जवळून पाहिले, ते नवा दिवा मागवण्याआधी आहे त्या प्रकाशातले काय नको आहे हे ठरवत असत आणि त्यासाठी आधी काळ्याला हात घालत. नव्या सहायकाने दिव्यांइतकाच वेळ या पॅनेलांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काळ्या पॅनेलची कामे तीन: दिव्याचा थेट प्रकाश अडवणे, भिंतींवरून परतणारा प्रकाश शोषून घेणे, आणि चकचकीत वस्तूत स्वतः प्रतिबिंब म्हणून दिसणे. ‘तिकडून काळा लाव’ असे कोणी सांगितले, तर यांपैकी कोणते काम अपेक्षित आहे हे कळल्याशिवाय पॅनेलची जागा आणि आकार ठरवता येत नाही.

पहिले काम सर्वांत सोपे आहे. दिवा आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये, किंवा दिवा आणि लेन्स यांच्यामध्ये पॅनेल उभे केले की तेवढा प्रकाश कापला जातो; सेटवरचे लाइटदादा अशा पॅनेलला कटर म्हणतात. पॅनेल दिव्याजवळ असेल तर त्याच्या सावलीची कड मऊ पडते आणि वस्तूजवळ आणले तर ती धारदार होते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरते. लेन्सवर तिरपा येणारा प्रकाश अडवण्याची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, कारण त्या प्रकाशाने चित्रातला काळा रंग राखाडी होतो आणि नंतर संगणकावर कितीही कॉन्ट्रास्ट वाढवला तरी मूळचा तजेला परत येत नाही.

दुसरे काम, म्हणजे परतणारा प्रकाश शोषून सावली गडद करणारे निगेटिव्ह फिल, डोळ्यांना चटकन जाणवत नाही. आपल्या शहरांतल्या लहान खोल्यांत भिंती आणि छत पांढरे असते आणि अशी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते. त्यामुळे डावीकडच्या खिडकीशेजारी बसवलेल्या माणसाचा उजवा गालही उजळतो आणि चेहरा सपाट दिसतो. मॅट काळा कागद फार तर ५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परतवतो, म्हणून उजव्या गालाशेजारी काळे पॅनेल उभे केले की त्या गालाला भिंत दिसेनाशी होते आणि सावली आपोआप गडद होते. इथे अंतर फार महत्त्वाचे आहे. गालापासून दीड-दोन फुटांवर, चौकटीच्या अगदी बाहेर ठेवलेले चार बाय दोन फुटांचे पॅनेल जे करते, ते तेच पॅनेल सहा फुटांवर नेल्यास जवळजवळ काहीच करत नाही, कारण तितक्या लांबून ते भिंतीचा जेमतेम एक तुकडा झाकते. चेहऱ्याच्या दोन बाजूंत एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाचा, फरक असेल, तर पॅनेलने तो दोन किंवा अडीच स्टॉपपर्यंत नेता येतो. प्रकाश मोजणारा लाइट मीटर असेल तर दोन्ही गालांजवळ तो धरून ही वाचने वहीत टिपून ठेवावीत. आपल्या डोळ्यांना सावलीची सवय होते, मीटरला होत नाही.

या प्रयोगात कॅमेरा मॅन्युअलवरच हवा. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा दृश्य काळवंडले असे समजून एक्स्पोजर वाढवतो, आणि पॅनेलने नेमके काय केले ते पाहायला मिळत नाही.

निगेटिव्ह फिलचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. पिस्ता किंवा आंबा रंगाच्या भिंतींच्या घरात चित्रीकरण असले की सावलीच्या बाजूची त्वचा त्या रंगाची छटा घेते. हिरवळीवर उभ्या केलेल्या वधूच्या हनुवटीखाली हिरवट झाक येते, तीही याच कारणाने. पांढरा रिफ्लेक्टर लावला तर ती छटा फिकट होते, पण काळे पॅनेल किंवा जमिनीवर अंथरलेले काळे कापड ती मुळातूनच काढून टाकते. पावसाळ्यातल्या ढगाळ उजेडातही हाच उपाय चालतो: प्रकाश चहूबाजूंनी सारखा येत असतो, तेव्हा एका बाजूने काळे लावून चेहऱ्याला आकार देता येतो, आणि डोक्यावर काळे पॅनेल आडवे धरले तर वरून येणारा उजेड कमी होऊन डोळ्यांच्या खोबणीतल्या सावल्या सौम्य होतात.

तिसरे काम ज्याला जमले तो सहायक स्टुडिओत टिकतो, असे मी म्हणेन. चांदीचे ताट, पितळेची समई, तांब्याचा घडा यांना स्वतःचा रंग असतो, पण छायाचित्रात प्रामुख्याने दिसते ते त्यांच्यात उमटलेले आसपासचे जग. चांदीचे भांडे चारही बाजूंनी पांढऱ्या तंबूत ठेवले, तर ते राखाडी प्लास्टिकसारखे दिसते. त्याच्या एका बाजूला काळ्या कार्डाची अरुंद पट्टी उभी केली की त्या पट्टीचे प्रतिबिंब भांड्यावर गडद रेघ होऊन उमटते आणि धातूची गोलाई व झळाळी दोन्ही दिसू लागतात. पट्टी नेमकी कुठे ठेवायची हे वस्तूजवळ उभे राहून कळत नाही. डोळा लेन्सच्या जागी नेऊन पाहावे, किंवा कॅमेऱ्याला तारेने जोडलेल्या (टेदर केलेल्या) संगणकाच्या पडद्याकडे पाहत दुसऱ्याला पट्टी हळूहळू सरकवायला सांगावे. रेघेची कड मऊ हवी असेल, तर पट्टी डिफ्यूजनच्या, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या पांढऱ्या, कापडामागे, म्हणजे दिव्याच्या बाजूला, काही इंच अंतर राखून लावावी. वस्तूच्या बाजूने कापडाला चिकटवून लावली तर कड कापल्यासारखी येते. गोल घड्यात मात्र अख्खी खोली दिसते, छायाचित्रकारासह. त्यासाठी लेन्सपुरते भोक पाडलेले काळे कार्ड कॅमेऱ्यासमोर लावतात. उरलेला लहानसा गडद ठिपका नंतर संगणकावर रिटचिंगमध्ये काढावाच लागतो. धातूवरचे प्रतिबिंब पोलरायझर फिल्टरने जात नाही, त्यामुळे तो मार्ग आधीच सोडून द्यावा.

काचेची रीत थोडी वेगळी आहे. मागे उजळ पांढरी पार्श्वभूमी आणि दोन्ही बाजूंना चौकटीलगत काळी पॅनेले उभी केली, तर बाटलीच्या कडा काळ्या रेघांनी उठून दिसतात. उलट बाटलीमागे मोठा उजळ पडदा आणि त्याच्या पुढे जेमतेम चौकट भरेल एवढे काळे पॅनेल ठेवले, तर काळोखात कडा उजळ होतात. दोन्ही मांडण्या घरच्या काचेच्या पेल्यावर करून पाहता येतात.

सामानाला फार खर्च नाही. फ्लेक्स आणि नावफलकांची कामे करणाऱ्यांकडे मिळणारा काळा सनबोर्ड चालतो, पण तो चकचकीत नसावा; मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पाहावा, झळक दिसली तर त्यावर मॅट काळा कागद चिकटवावा. थर्माकोल रंगवायचा असेल तर स्प्रे पेंट वापरू नये, त्यातल्या द्रावकाने थर्माकोल विरघळतो. पाण्यात कालवायचा पोस्टर कलर घ्यावा. सर्वांत गडद काळे मखमलीचे, पण तिच्यावर धूळ बसते आणि तिचे तंतू नेमके दागिन्यांच्या खाचांत जाऊन अडकतात. टंगस्टनच्या तापणाऱ्या दिव्यांजवळ कागद किंवा फोम कधीही ठेवू नये. सहायकाच्या पिशवीत ए-४ पासून दोन बाय दीड फुटांपर्यंतची कापलेली काळी कार्डे, स्प्रिंग क्लॅम्प, काळी मॅट टेप आणि फोल्डिंग चाकू असावा.

सेटवर पॅनेल हलवण्याआधी तसे मोठ्याने सांगावे, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवावी. दोन हलवल्या तर फरक कशामुळे पडला हे कोणालाच सांगता येत नाही.

काम मागायला जाताना पोर्टफोलिओत वीस देखण्या चित्रांसोबत एका साध्या स्टीलच्या पेल्याची दोन चित्रेही ठेवा: एक पॅनेलविना, एक पॅनेलसह, एक्स्पोजर दोन्हींत तेच, आणि खाली दिवा व पॅनेल यांच्या जागा दाखवणारी हाताने काढलेली आकृती. मी स्वतः सहायक निवडताना ती जोडी आधी पाहतो आणि मग पॅनेल चार इंच पुढे सरकवले असते तर काय झाले असते, एवढेच विचारतो.