पनीरचं पाणी गटारीत नको

खानापूरकडं आमचा खवा-पनीरचा छोटा कारखाना आहे. पहिल्या वर्षी सगळं पाणी एकाच खड्ड्यात सोडलं. आठवड्यात असा आंबूस वास सुटला, की शेजारच्या काकू नाकाला पदर लावून भांडायला आल्या. बरोबरच होतं की त्यांचं!

आता पनीरचं निवळ, म्हणजे दूध फाटल्यावर सुटणारं पाणी, वेगळ्या कॅनमध्ये धरतो. ताजं असतानाच म्हशींच्या आंबोणात थोडं थोडं मिसळायचं. एकदम बादलीभर पाजलं तर पोट बिघडतं. धुण्याचं पाणी जाळीतून तुपकट थर अडवणाऱ्या टाकीत. तो थर रोज काढा, नाहीतर पाइप तुंबलाच. मग चुना, पुढं हवा सोडायची टाकी. शेतात सोडायला पाण्याचा सामू (पीएच, आंबटपणाचं माप) ५.५ ते ९ आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत लागतो. आमचं पाणी नेपिअर गवताला जातं, वाफे आलटून पालटून. पावसाळ्यात मात्र टाकीतच साठवतो.