कॅम्पसचं वायफाय जोडताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये नवी मुलं हॉस्टेलवर राहायला आली की कॉम्प्युटर सेंटरच्या दारात रांग लागते. हातात फोन, काखेत लॅपटॉप आणि तक्रार एकच : "सर, पासवर्ड बरोबर आहे, तरी वायफाय लागत नाही." बहुतेकदा पासवर्ड खरंच बरोबर असतो. अडतं दुसरीकडेच, कारण घरच्या वायफायची सवय इथे कामी येत नाही. घरी सगळ्यांना मिळून एक पासवर्ड. कॅम्पसवर प्रत्येकाचं युजरनेम वेगळं, पासवर्ड वेगळा आणि तो तपासणारा सर्व्हर दुसऱ्याच इमारतीत, कधी तर दुसऱ्या देशात.

दुसऱ्या देशाची गोष्ट आहे ती एड्युरोमची, म्हणजे शिक्षणसंस्थांनी मिळून चालवलेल्या सामायिक वायफायची. ही कल्पना २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये निघाली आणि आज शंभराहून जास्त देशांत चालते. भारतात तिची व्यवस्था अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था पाहते. आपल्या संस्थेचं खातं घेऊन एड्युरोम असलेल्या कुठल्याही कॅम्पसवर गेलं, तरी फोन आपोआप जोडला जातो. मात्र त्यासाठी पहिली जोडणी नीट झालेली असावी लागते आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे अर्धं युजरनेम. मुलं फक्त रोल नंबर टाकतात, पुढचा @ आणि संस्थेचं डोमेन गाळतात. आपल्या कॅम्पसवर तेवढ्यावरही काही ठिकाणी भागतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मग एखादी मुलगी सेमिस्टरसाठी जर्मनीला जाते आणि पहिल्याच दिवशी फोन जोडला जात नाही. तिथल्या सर्व्हरला ती कोण हे ठाऊक नसतं. @ च्या पुढचं डोमेन वाचून तो तिची विनंती भारतातल्या तिच्या संस्थेकडे पाठवतो. डोमेनच नसेल तर पाठवणार कुठे? म्हणून पूर्ण युजरनेमने आधी आपल्याच कॅम्पसवर जोडून पाहा, मगच बॅग भरा. आणखी एक बारीक गोष्ट : फोनच्या कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की त्याच्यामागे एक रिकामी जागा चिकटते. डोळ्यांना ती दिसत नाही, सर्व्हरला दिसते.

आता सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हर खरा असल्याचं डिजिटल ओळखपत्र. याबद्दल मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, रांग कितीही लांब असली तरी. अँड्रॉइड फोनवर सर्टिफिकेटच्या रकान्यात पूर्वी 'डू नॉट व्हॅलिडेट' असा पर्याय असे, म्हणजे सर्व्हर खरा की खोटा हे तपासूच नको. सीनिअर मुलं ज्युनिअरना हीच युक्ती शिकवत आली, कारण तिने वायफाय लगेच लागतं. पण कोणीही एका साध्या लॅपटॉपवर एड्युरोम याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करू शकतो. न तपासणारा फोन खिशातल्या खिशात त्याला जोडून घेतो. तुम्ही स्क्रीनला हातही लावलेला नसतो. संस्थेची पासवर्ड तपासण्याची पद्धत पीएपीची असेल, म्हणजे पासवर्ड जसाच्या तसा पाठवला जात असेल, तर पासवर्ड सरळ त्या माणसाच्या हाती जातो. एमएस-चॅप व्ही२ ही दुसरी पद्धत असेल तर पासवर्ड थेट जात नाही, पण २०१२ च्या डेफकॉन या हॅकर्सच्या परिषदेत सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी दाखवून दिलं की ती देवाणघेवाण फोडायला ५६ बिटांची एक किल्ली शोधणं पुरतं आणि खास यंत्रावर हे काम एका दिवसाच्या आत होतं. मग तुमच्या नावाने नेटवर्कवर शिरायला अडसर उरत नाही. पासवर्ड सोपा असेल तर मूळ शब्दही कळतो, आणि बहुतेक संस्थांत तोच पासवर्ड ईमेललाही चालतो.

डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून गूगलच्या पिक्सेल फोनवरून 'डू नॉट व्हॅलिडेट' हा पर्याय गेला, पुढे इतर कंपन्यांच्या नव्या फोनवरूनही जाऊ लागला. तेव्हापासून "नवा फोन कॅम्पसच्या वायफायला चालत नाही" अशी तक्रार येते. फोनचा दोष नाही. त्याला दोन गोष्टी हव्या असतात : कोणतं सर्टिफिकेट मानायचं आणि सर्व्हरचं डोमेन कोणतं. दोन्ही संस्थेच्या सूचनांमध्ये दिलेल्या असतात. त्याहून सोपं म्हणजे गेटएड्युरोम हे अ‍ॅप. त्यात संस्थेचं नाव निवडा, युजरनेम-पासवर्ड टाका, बाकीचं ते भरतं. तुमची संस्था यादीत असेल तर हाताने सेटिंग करायला जाऊच नका. अ‍ॅप उतरवायला मात्र इंटरनेट लागतं, तेव्हा ते मोबाइल डेटावर आधीच करून घ्या.

पासवर्ड बदलल्यावरचा गोंधळ वेगळा. तुम्ही पोर्टलवर नवा पासवर्ड ठेवता. फोन, लॅपटॉप आणि कपाटातला टॅब मात्र जुनाच पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. पुष्कळ ठिकाणी काही चुकीच्या प्रयत्नांनंतर खातंच लॉक होतं. आधी सगळ्या उपकरणांचं वायफाय बंद करा, मग पासवर्ड बदला, मग एकेकावर नवा टाका. आयफोनवर प्रोफाइल (सेटिंगची तयार फाइल) टाकून एड्युरोम जोडलं असेल तर ते जुनं प्रोफाइल सेटिंग्जमधून काढून नवं घ्यावं लागतं.

काही हॉस्टेलांत उपकरणाचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस नोंदवल्याशिवाय नेट मिळत नाही. तिथे वेगळीच गडबड होते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक अ‍ॅड्रेस दाखवतात. तुम्ही खोक्यावरचा खरा नोंदवता, फोन दुसराच सांगतो. हॉस्टेलच्या त्या एका नेटवर्कपुरतं फोनच्या सेटिंग्जमधलं रँडम मॅक किंवा 'प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस' बंद करा. स्टेशनवर, मॉलमध्ये तो चालूच असू द्या. तुमचा माग काढता येऊ नये म्हणूनच ती सोय आहे.

पाहुण्यांच्या नेटवर्कचं लॉगिन पान उघडत नसेल तर व्हीपीएन आणि 'प्रायव्हेट डीएनएस' या फोनमधल्या सोयी तेवढ्यापुरत्या बंद करून पाहा. तरीही नाही उघडलं तर नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे पान उघडा. ते मुद्दाम साधं, एचटीटीपीएस या सांकेतिक सुरक्षेशिवाय ठेवलेलं आहे, त्यामुळे तिथून लॉगिनकडे वळवणं नेटवर्कला जमतं. जुन्या लॅपटॉपची तारीखही एकदा बघा. आतली छोटी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि चांगलं सर्टिफिकेटही त्याला अवैध वाटतं.

आणि कृपा करून खोलीत स्वतःचा राउटर लावू नका. सिग्नल कमी येतो म्हणून मुलं घरून राउटर आणतात आणि भिंतीतली केबल घाईत बाहेरच्या जोडणीच्या पोर्टऐवजी त्याच्या लॅन पोर्टमध्ये खुपसतात. त्या क्षणापासून तो राउटर शेजारच्या खोल्यांतल्या उपकरणांनाही नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस वाटू लागतो. जिथे केबली एकत्र जोडणाऱ्या स्विचवर याला अटकाव घातलेला नसतो, तिथे मजल्यावरच्या निम्म्या मुलांचं नेट जातं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही एकेक दार ठोठावत तो राउटर शोधतो. केबल योग्य पोर्टमध्ये लावली तरी त्रास सरत नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. प्रत्येक नवा राउटर, प्रत्येक चालू ठेवलेला हॉटस्पॉट त्यातलाच वाटा खातो. सिग्नल खरंच कमी असेल तर खोली क्रमांकासह तक्रार लिहून द्या. तक्रारींवरूनच नवा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल देणारा डबा) कुठे हवा ते ठरतं. टीव्ही स्टिक, स्मार्ट स्पीकर आणि पुष्कळसे प्रिंटर एड्युरोमसारख्या नेटवर्कला जोडताच येत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे का, हे सेंटरला विचारा.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना चार गोष्टी सोबत आणा : पूर्ण युजरनेम, कोणत्या इमारतीत कोणत्या मजल्यावर होतात, प्रयत्न किती वाजता केला आणि स्क्रीनवर काय आलं. आयपी अ‍ॅड्रेस १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुम्हाला नेटवर्ककडून पत्ता मिळालेलाच नाही, हे सांगितलंत की आमची पंधरा मिनिटं वाचतात. वेळ कळली की सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तुमची विनंती कुठे अडकली ते दिसतं. पासवर्ड मात्र सांगू नका, आम्हालाही नाही. लॉग वाचायला तो लागत नाही.