स्पोर्ट्स गाडीला क्रूझ कंट्रोल नंतर बसवायचं असेल तर काम कसं करायचं

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून आमच्या विदर्भातल्या कारंज्याकडं हा प्रश्न लय जण विचारून राहिले. क्रूझ म्हणजे अॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारं यंत्र. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर खुला झाला, मग ५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा तुकडा जोडला आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता झाला. त्याच्या आधी गावातून निघालं की खड्डे, बैलगाडी, बकऱ्या, गिअर वर गिअर खाली, क्रूझ लावायला जागाच कुठं होती. आता वर चढलं की सरळच सरळ सिमेंट, दोन दोन तास पाय एकाच जागी दाबून धरा, पोटरी भरून येते. आणि ज्याच्याकडं जरा जोरदार गाडी आहे त्याचा त्रास वेगळाच, गाडी इतकी गुपचूप पळते की ११० वर आहो असं वाटते आणि काटा १३५ वर गेलेला असतो, मर्यादा आहे १२० ची.

माझी गाडी २०१४ ची पोलो जीटी, डिझेल, हातानं गिअर टाकायची, जुनी घेतलेली. तिच्यात क्रूझ नव्हतं, मी बसवलं. गाडी कोणतीही असो, दोन दाराची असो की चार, कामाचा क्रम हाच राहते.

पण सुरू करायच्या आधी एक सांगतो, कारण सगळे इथंच चुकतात. क्रूझ लागणं म्हणजे काम झालं असं नाही. ब्रेकला पाय टेकताच ते सुटलं पाहिजे, क्लच दाबताच सुटलं पाहिजे, बटण दाबताच सुटलं पाहिजे. बसवणारे लोक लागते का एवढंच पाहतात आणि चावी हातात देतात. तुम्ही सुटते का ते आधी पाहा.

पहिलं काम, बोनट उघडा आणि इंजिनकडं हवा जाते त्या थ्रॉटलपाशी लोखंडी केबल येऊन जोडली आहे का ते पाहा. केबल नसेल, आणि आत अॅक्सिलरेटरच्या पेडलला वायरचा प्लग असेल (बहुतेक सहा वायरी असतात), तर गाडी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची आहे आणि तुमचं अर्धं टेन्शन गेलं. एकाच मॉडेलमध्ये पण हा फरक सापडते, पोर्शेच्या पहिल्या बॉक्सटरला सुरुवातीला केबल होती आणि २००० च्या मॉडेलपासून इलेक्ट्रॉनिक आलं, म्हणून नावावर जाऊ नका, डोळ्यानं पाहा.

केबलची गाडी असेल तर वेगळा सर्व्हो लावावा लागते, एक मोटर किंवा व्हॅक्यूमचा डबा जो केबल ओढून धरते. व्हॅक्यूमवाला घेतला आणि गाडी टर्बो असेल तर वन-वे व्हॉल्व आणि व्हॅक्यूमची छोटी टाकी लावाच, कारण टर्बोचा दाब आला की मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा वाटून देणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम राहतच नाही आणि नेमकं चढावर क्रूझ ढिलं पडते. मी केबलच्या गाडीला मोटरवालाच सर्व्हो सुचवीन.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्यांनी पुढचं हे शोधायचं की आपल्याच मॉडेलच्या, आपल्याच इंजिनच्या महाग व्हेरियंटमध्ये किंवा पुढच्या वर्षीच्या गाडीत कंपनीनं क्रूझ दिलं होतं का. दिलं असेल तर लय वेळा इंजिनच्या ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) ते आधीच झोपलेलं असते, फक्त बटण, एखाद दोन वायरी आणि कोडिंग लागते, म्हणजे स्कॅनर जोडून त्या कॉम्प्युटरमध्ये क्रूझ चालू करणं. पोलोत बटण इंडिकेटरच्या दांडीवर असते, म्हणजे दांडीच बदलायची. दिलंच नसेल तर बाहेरचा मॉड्यूल मिळते, तो पेडल आणि ईसीयूच्या मधात बसते आणि तुमच्या पायाच्या जागी सिग्नल देते. चालते तोही, पण त्याला ब्रेक, क्लच आणि स्पीडचा सिग्नल बरोबर दिला तरच. दुसरा रस्ता असताना मी कंपनीच्याच पार्टकडं जाईन. गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घ्या.

बसवायच्या दिवशी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि निदान १५ मिनिटं गाडीला हात लावू नका, मॅन्युअलमध्ये जास्त वेळ लिहिला असेल तर तेवढा थांबा. स्टिअरिंग काढायचं म्हणजे एअरबॅग काढायची, आणि बॅटरी काढली तरी एअरबॅगच्या कंट्रोलरमध्ये करंट काही वेळ साठून राहते. एअरबॅग काढली की तोंड वर करून ठेवायची, पालथी कधीच नाही. एअरबॅगच्या पिवळ्या प्लगवर मल्टीमीटर लावायचा नाही, कोणी म्हणो काही. चाकं सरळ करून घ्या, मधला बोल्ट काढायच्या आधी स्टिअरिंग आणि रॉडवर पेंटनं एक रेघ मारा म्हणजे परत बसवताना दात चुकणार नाही. आतली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगसोबत फिरणारी, हॉर्न आणि एअरबॅगची वायर नेणारी गुंडाळी) फिरू देऊ नका, टेपनं जागच्या जागी चिकटवा, ती दोन फेरे इकडं तिकडं झाली तर पुढच्या वळणावर आतली पट्टी तुटते आणि हॉर्न, एअरबॅग दोन्ही जातात. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर एवढा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. बोल्ट कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कलाच कसायचा, नवीनच टाका म्हटलं असेल तर नवीनच टाकायचा.

वायरिंगबद्दल आपल्या भागाचं म्हणून सांगतो. मेच्या महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जाते, उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्डखाली त्याहून जास्त, त्यात ती काळी प्लॅस्टिकची टेप टिकतच नाही. डिंक पाघळते, टेप सुटते, जोड उघडा पडते. माझ्या गाडीत आधीच्या मालकानं कोणाकडून तरी फॉग लॅम्पची वायर टेपवर जोडून घेतली होती, मी कव्हर खोललं तर टेप गूळ लावल्यासारखी चिपचिपी होऊन खाली लोंबत होती आणि उघडी वायर पेडलच्या लोखंडाला टेकायला बोटभर बाकी होती. म्हणून जोड सोल्डर करा, वरून श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी), आणि वायर कंपनीच्याच गुच्छाला कापडी टेपनं बांधत न्या, पेडलपासून दूर.

आता खरं काम, पेडलवरचे स्विच. टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली डोकं घाला, ब्रेक पेडलच्या वरच्या बाजूला एक छोटा स्विच दिसन, त्याचं टोक पेडलनं दाबून धरलेलं असते. पेडल दाबलं की टोक बाहेर येते आणि गाडीला समजते ब्रेक लागला. बऱ्याच गाड्यांत त्यात दोन सर्किट असतात, ब्रेक दाबला की एक जोडल्या जाते आणि दुसरं तुटते, म्हणजे एक खराब झालं तरी दुसरं क्रूझ सोडवते. मल्टीमीटरनं दोन्ही तपासा, पेडल हळू दाबत, दहा वेळा.

क्लचचा स्विच पण असाच. माझ्या गाडीत तो होता, प्लग पण लागलेला, म्हणून मी पुढं गेलो. पहिल्या ट्रायलला ७० वर क्रूझ लावलं, गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन एकदम किंचाळलं, काटा लालकडं गेला. भाचा बाजूला बसला होता, तो ओरडला, "मामा, ब्रेक मारा ना!" ब्रेकला पाय लावला तसं सुटलं. घरी येऊन पाहिलं तर स्विचच्या टोकाभोवती काळ्या मातीची धूळ आणि जुनं ग्रीस मिळून लेप बसला होता, टोक आतच चिकटलेलं, त्यामुळं गाडीला वाटे क्लच दाबलेलाच नाही. आपल्या पांदणीची धूळ कुठं कुठं जाते ते त्या दिवशी समजलं. साफ करून भागलं असतं पण मी नवा टाकला, आणि सोबत ब्रेकचा पण.

मागच्या ब्रेक लाइटला एलईडी बल्ब टाकले असतील तर त्यावर पण लक्ष द्या. काही बाहेरचे किट साध्या बल्बच्या तारेतून अर्थिंग शोधतात, एलईडीतून ते मिळत नाही आणि क्रूझ लागतच नाही, माणूस बिचारा दोन दिवस बटणच बदलत राहते.

कोडिंग करताना बॅटरीला चार्जर लावून ठेवा आणि जुनं कोडिंग आधी लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो काढा. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात एकेक बटण, ब्रेक, क्लच दाबून आकडा बदलते का ते उभ्या गाडीतच पाहायचं. फॉल्ट कोड एकही राहू द्यायचा नाही, एअरबॅगचा तर नाहीच.

ट्रायल समृद्धीवर नको, गावाकडचा रिकामा डांबरी रस्ता पाहा, सकाळी. बहुतेक गाड्यांत ३०-४० च्या खाली क्रूझ लागत नाही, म्हणून ६० वर लावा. आधी ब्रेक फक्त टेकवून सोडवा, मग क्लचनं, मग कॅन्सलनं, मग मेन बटण बंद करून. प्रत्येक गोष्ट तीनदा. एकदा जरी अडकलं तरी गाडी घरी आणायची, "पाहू नंतर" म्हणायचं नाही.

हे यंत्र ज्याच्या डोक्यातून निघालं तो राल्फ टीटर नावाचा अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून आंधळा होता. त्याचा वकील गाडी चालवताना बोलायला लागला की वेग कमी करे आणि ऐकायला लागला की वाढवे, त्या हिसक्यांनी तो कंटाळला, असं सांगतात. १९५० मध्ये त्याला पेटंट मिळालं, १९५८ च्या क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. दिसत नसलेल्या माणसाला पायाची चूक अंगावर जाणवली, मला ही गोष्ट लय आवडते.

वापरायचं म्हणाल तर पावसात बंद, पाण्यावर चाक घसरलं तरी साधं क्रूझ वेग धरायचाच प्रयत्न करते. उतारावर ते ब्रेक लावत नाही, गाडी वेग घेते, पाय तयार ठेवा. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूला अंधार पडला की मी बंदच करतो, रोही (नीलगाय) कुठून आडवा येईल सांगता येत नाही. आणि टायरची हवा सकाळी थंड असताना पाहून निघा.

पंधरा दिवसांनी स्टिअरिंगखालचं कव्हर परत एकदा खोला, जोड ओढून पाहा, पेडलचे स्विच पाहा. गाडी सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी राहत असेल तर उंदरानं वायर कुरतडली का तेही पाहा, नव्या वायरीचं प्लॅस्टिक त्याला पहिले सापडते.