बी.ए.नंतर मुलांचं वृंदगान बसवायचं आहे? सुरुवात अशी करा

मराठी, मानसशास्त्र किंवा इतिहास घेऊन बी.ए. केलेल्या आणि सोबत थोडंफार गाणं शिकलेल्या अनेकांना मुलांची गाणी बसवण्याची ओढ असते. संगीताची पदवी नाही म्हणून ते मागे राहतात. पदवी नसली तरी या कामात शिरता येतं. कान मात्र तयार हवा, आणि त्यासाठी पहिलं वर्ष द्यावं लागलं तर ते जरूर द्या.

पायरी १ : स्वतः शिका, स्वतः वृंदात गा

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या शास्त्रीय संगीताच्या, प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा आहेत. त्यातल्या पाचव्या, मध्यमा पूर्णपर्यंत पोहोचलात की स्वरलिपी आणि ताल बऱ्यापैकी हाताशी येतात. जोडीला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर सूर लिहिण्याची पाश्चात्य पद्धत, शिका. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या पाश्चात्य संगीताच्या ग्रेड परीक्षांची केंद्रं आपल्याकडे आहेत. गोव्यात असाल तर चर्चच्या कॉयरमध्ये किंवा पणजीच्या कला अकादमीच्या पाश्चात्य संगीत विभागात चार सुरांचं गायन, म्हणजे चार गट एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गाताना, जवळून ऐकायला मिळेल. शेजारचा वेगळी ओळ गात असताना आपली ओळ धरून ठेवण्याचा अनुभव नसेल, तर मुलांना ते शिकवता येत नाही.

पायरी २ : पट्टी मुलांची धरा, आपली नाही

माझ्या मते बालवृंदाचं अर्धं यश इथेच ठरतं. शाळेत बाई पेटीवर काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, सा म्हणून धरतात, कारण त्यांचा आवाज तिथे लागतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो सा फार खाली पडतो. मग मुलं घशातून, दाबून, ओरडून गातात आणि आपण म्हणतो, ‘यांना सूर नाही.’

गाणं सा ते तार सा एवढ्यात फिरत असेल, तर सा तिच्या वरच्या पांढरी दोनवर, म्हणजे पुढच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, घ्या. काळी चारवाल्या बाईंच्या तीव्र मध्यमावर मुलांचा सा येतो, एवढा हा फरक आहे. तिथे मुलांचा आवाज हलका होतो आणि आपोआप डोक्यातून वाजू लागतो. पुरुष शिक्षकांनी आणखी जपावं. त्यांचा खालच्या सप्तकातला आवाज धरायला जाऊन मुलं गुरगुरतात. अशा वेळी सूर पेटीवर द्या किंवा ज्या मुलीचा आवाज छान लागतो तिला ओळ म्हणायला सांगा. मंद्र पंचमापासून (सा-च्या खालचा प) तार गंधारापर्यंत (वरच्या सा-पुढचा ग) धावणारं गाणं कितीही आवडतं असलं तरी पहिल्या वर्षी बाजूला ठेवा.

पायरी ३ : एका सुरातून दोन ओळींकडे

पहिले काही महिने सगळ्यांनी एकच ओळ गायची. ती खरोखर एका आवाजासारखी ऐकू येऊ लागली की भूप रागातली एक सोपी चाल घ्या. एका गटाने सुरू करायचं, दुसऱ्याने चार मात्रांनी मागून यायचं. भूपात मध्यम आणि निषाद नसल्यामुळे अर्ध्या स्वराच्या अंतरावरचे दोन सूर एकमेकांवर आदळत नाहीत. त्यामुळे मुलं न बिचकता गातात. हंगेरीच्या झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनीही मुलांना लोकगीतं आणि पाच स्वरांपासूनच गायला लावलं. स्वर हाताच्या खुणांनी दाखवण्याची त्यांच्या पद्धतीतली रीत आपल्या सारेगमलाही चपखल बसते.

तुमचं बी.ए. इथे कामाला येतं. ‘चंद्र’मधला च आणि ‘चांदणं’मधला च वेगळे, हे शहरातल्या कितीतरी मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. ‘आकाश’ शब्दाचा शेवटचा श वीस मुलं वीस वेगवेगळ्या क्षणी सोडतात आणि ओळीच्या शेवटी नुसती सळसळ उरते. आधी कविता वाचून घ्या, तिचा अर्थ मुलांशी बोला, मगच चाल लावा.

पायरी ४ : हात

आरशासमोर कहरवा आणि दादरा हे ताल हाताने दाखवायचा सराव करा. सर्वांत महत्त्वाची खूण सम (तालाची पहिली मात्रा) येण्याआधीची : हात उचलताना तुम्ही श्वास घेतलात की मुलंही घेतात, आणि सगळे एकत्र सुरू होतात. ओळ संपवण्याची खूणही तितकीच स्पष्ट हवी. तो ‘श’ तिथेच सावरतो.

पायरी ५ : मुलं आणि काम मिळवा

सोसायटीतली, वाचनालयातली, ओळखीच्या शाळेतली पंधरा-वीस मुलं पुरतात. लहानांसाठी पाऊण तास, मोठ्यांसाठी तास-सव्वा तास. फी पहिल्या दिवसापासून ठरवून घ्या, फुकट शिकवण्याची सवय पुढे मोडत नाही. तालमीला दुसरी मोठी व्यक्ती हजर असावी, दार उघडं असावं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पॉक्सो कायदा नीट वाचून ठेवा. जाहीर कार्यक्रमासाठी गाणी निवडताना हक्क तपासा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. म्हणून संतांचे अभंग किंवा १९१८ साली गेलेल्या बालकवींच्या कवितांना तुम्ही स्वतः चाल लावू शकता.

शाळेतली कायम नोकरी हवी असेल तर जाहिरातीतली पात्रता बारकाईने वाचा. अनेक ठिकाणी संगीताची पदवी किंवा समकक्ष परीक्षा लागते, काही ठिकाणी बी.एड.ही. कंत्राटी वर्ग, सुट्टीतली शिबिरं आणि स्नेहसंमेलनाची तयारी यांत मात्र तुमचं काम ऐकूनच बोलावणं येतं. पालकांची लेखी परवानगी घेऊन दोन गाण्यांचं स्वच्छ ध्वनिमुद्रण करा आणि ते मार्च-एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना ऐकवा. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत वेळापत्रक ठरून गेलेलं असतं.