एरिक डॉल्फी ऐकायचा तर असा

एरिक डॉल्फी हा फ्लूट, बास क्लॅरिनेट आणि आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा अमेरिकन जॅझ वादक. त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डपासून सुरुवात करू नका. आधी दुसऱ्यांच्या बँडमध्ये साथीला असलेला डॉल्फी ऐका.

पहिलं, सॅक्सोफोनवादक ऑलिव्हर नेल्सनचं 1961 चं ‘स्टोलन मोमेंट्स’. तिथे डॉल्फीचा फ्लूट आहे. लगेच बासवादक चार्ल्स मिंगसचं 1960 चं ‘व्हॉट लव्ह’ लावा, बास क्लॅरिनेटसाठी, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या क्लॅरिनेटसाठी. हेडफोन हवेतच, मोबाइलच्या स्पीकरमधून ते खर्जातले सूर नीट येत नाहीत. इथे मिंगसचा डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) आणि डॉल्फी चक्क बोलतात: विचारणं, उलट उत्तर, आवाज चढवणं. सॅक्सोफोन शिकणाऱ्या मुलांना मी हा भाग आधी तोंडाने म्हणायला लावतो, वाद्य नंतर. फ्लूटची फुंक वेगळी, क्लॅरिनेटच्या रीडवरची (तोंडाशी असलेल्या पातळ पट्टीवरची) ओठांची पकड वेगळी. दोन्हीकडे इतका स्वतःसारखा वाजणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

मग सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचं ‘इंडिया’, नोव्हेंबर 1961, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं. तंबोऱ्याची सवय असलेल्या कानाला खालचा धरून ठेवलेला सूर लगेच सापडेल. त्यावर डॉल्फी कुठे टेकतो आणि कुठे लांब उडी घेतो, तेवढंच ऐका.

आल्टो सॅक्सोफोनसाठी पुन्हा मिंगसच: ‘फोक फॉर्म्स नंबर 1’.